आपला संघ म्हणे तिकडे जाणार

(उंबरमाळी इथल्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



आधी मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलांना पुढे बसवा. सतरंजी रिकामी आहे आणि विषय त्यांचा आहे.

संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, अफवांवर बोलतो. पलीकडे जरा शांतता पसरली. निवडणुका जवळ आल्या की अफवा हा शब्द कुणालाच झेपत नाही. मी लगेच खुलासा केला की मला खेळातल्या अफवांवर बोलायचंय. कुठला संघ कुठल्या गटात खेळणार, कुठलं कॉलेज कुठल्या विद्यापीठात जाणार, कुठला तालुका कुठल्या जिल्ह्याच्या संघटनेत मोडणार, याबद्दल दर हंगामाच्या तोंडाशी जे कानावर येतं, त्याबद्दल.

तुम्ही हे ऐकलेलं आहे. जून-जुलैत कॉलेजं उघडली की सुरू होतं. आपलं कॉलेज पुढच्या वर्षी मुंबई विद्यापीठात राहणार नाही म्हणे. ठाण्याचं वेगळं विद्यापीठ होतंय. जिल्हा तुटणार, कल्याणचा वेगळा होणार, मग आपला जिल्ह्याचा संघ कुठला? कबड्डीची दुसरी संघटना निघालीय, तिचंही प्रमाणपत्र भरतीला चालतं. कसारा लोकलच्या डब्यात, नाक्यावर, मॅनेजर मीटिंगच्या आधीच्या चहात आणि अर्थात मोबाइलवर हे फिरतं. बातमी आणणाऱ्याला विचारलं की कुणी सांगितलं, तर तो म्हणतो, आतली बातमी आहे.

मी खेळावर लिहून पोट भरणारा माणूस. अशा आतल्या बातम्यांवर माझा बराच काळ गेला आहे. अनुभव असा की यातल्या बहुतेक खोट्या निघतात, पण एकही अशक्य नसते. हद्दी खरंच हलतात. फक्त हलण्याआधी खेळाडूला कुणी विचारत नाही आणि हलल्यावर कुणी सांगत नाही. त्या मधल्या रिकाम्या जागेत अफवा राहते, आणि म्हणून तिला नुसती शिवी घालून भागत नाही.

आपल्याकडे गावागावांत टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. पत्रिकेवर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, ‘एक गाव एक संघ’. हे छापावं लागतं, कारण न छापल्यास मुरबाडचा बॉलर सकाळी शहापूरकडून आणि संध्याकाळी भिवंडीकडून खेळेल. मग आधार कार्ड बघितलं जातं, पंचांच्या टेबलावर भांडण होतं, आणि ज्याचं लग्न होऊन दोन गावांशी नातं जुळलंय त्याचं गाव कुठलं यावर चर्चासत्र भरतं. यात विनोद आहे, पण एक गोष्ट चांगली आहे: नियम सगळ्यांना दिसेल असा पत्रिकेवर असतो. कॉलेजच्या आणि संघटनांच्या खेळात हद्द कोण ठरवतं ते कुठल्याही पत्रिकेवर नसतं.

आता जरा मागे जाऊ. मुंबई विद्यापीठ 1857 चं. आज त्याच्याकडे बघताना आपल्याला कुलाबा ते कोकण इतकाच नकाशा आठवतो. पण स्वातंत्र्याच्या आधी कराचीचं डी. जे. सिंध कॉलेज, अहमदाबादचं गुजरात कॉलेज, धारवाडचं कर्नाटक कॉलेज आणि पुण्याचं फर्ग्युसन ही सगळी याच विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे कराचीचा आणि धारवाडचा मुलगा कागदोपत्री एकाच विद्यापीठाच्या संघाचे उमेदवार. 1947 नंतर तुकडे पडत गेले. सिंध गेलं ते देशाबाहेरच गेलं. 1949 साली पुणे विद्यापीठ झालं आणि फर्ग्युसन, डेक्कन, एस. पी. ही कॉलेजं मुंबईतून बाहेर पडली. त्याच सुमारास गुजरातही वेगळं झालं, कर्नाटकही. 1962 साली कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ झालं. जळगावचं 1990 ला, सोलापूरचं 2004 ला. गोव्याची कॉलेजं मुक्तीनंतर मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. 1985 साली गोवा विद्यापीठ स्थापन झालं आणि मुंबईच्या हातून गोव्याचा फुटबॉल गेला. तेव्हा कोणी याला संघबदल म्हटलं नाही, शिक्षणाचा विस्तार म्हटलं. पण मैदानावरून बघितलं तर तो संघबदलच होता. मडगावच्या मुलाला एका वर्षी मुंबईच्या निवड चाचणीला यावं लागत होतं आणि पुढे ते बंद झालं. त्याच्या दृष्टीनं ही सोय होती. मुंबईच्या निवड समितीच्या दृष्टीनं नुकसान.

आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा 1935-36 पासून सुरू आहे. एके काळी तिच्यातल्या धावा वर्तमानपत्रांत ठळकपणे छापल्या जात. अजित वाडेकरांनी तिथे 324 धावा केल्या होत्या, तो विक्रम पुढे सुनील गावस्करांनी 327 करून मोडला. वाडेकरांची गोष्ट तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. बसमधून कॉलेजला जाताना शेजारी राहणारे बाळू गुप्ते भेटले. ते एल्फिन्स्टन कॉलेजच्या संघाचे कर्णधार. संघाला बारावा खेळाडू कमी होता, पाणी द्यायला कोणीतरी हवं होतं, आणि दिवसाला तीन रुपये मिळणार होते. इंजिनियर व्हायला निघालेला मुलगा तीन रुपयांसाठी मैदानात गेला आणि 1971 साली वेस्ट इंडिज आणि इंग्लंड जिंकून आला. मला ही गोष्ट आवडते ती त्या तीन रुपयांमुळे. खेळाडू पुष्कळदा खेळात असाच येतो, भाड्याचे पैसे सुटतात म्हणून.

पण आज मी ती सांगतोय वेगळ्या कारणासाठी. ते एल्फिन्स्टन कॉलेज आता मुंबई विद्यापीठात नाही. 2019 साली डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ अस्तित्वात आलं आणि एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि सरकारी बी. एड. कॉलेज अशा मोजक्या संस्था त्यात गेल्या. सिडनहॅम म्हणजे विजय मर्चंटांचं कॉलेज. पाठोपाठ 2020 ला एचएसएनसी विद्यापीठ झालं, के. सी. आणि एच. आर. ही चर्चगेटची कॉलेजं तिकडे गेली. म्हणजे मर्चंट आणि वाडेकर आज विद्यार्थी असते तर मुंबई विद्यापीठाचा ब्लेझर त्यांना मिळाला नसता. ही अफवा असती तर आपण हसून सोडून दिली असती. ती खरी आहे.

याचा खेळावर काय परिणाम होतो ते नीट बघा, कारण आपल्याकडची प्रत्येक अफवा याच गणितावर उभी असते. मुंबई विद्यापीठाला आठशेहून अधिक कॉलेजं जोडलेली आहेत. सामने झोनवार होतात. शहापूरचं सोनूभाऊ बसवंत कॉलेज किंवा शिवळ्याचं शांतारामभाऊ घोलप कॉलेज ठाण्याच्या झोनमध्ये खेळतं. तिथे ठाणे, कल्याण, उल्हासनगर, भिवंडीच्या मोठ्या कॉलेजांना हरवायचं. मग आंतरझोन. मग निवड चाचणी. मग शिबिर. त्यातून विद्यापीठाच्या संघात नाव लागलं तर भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेला जायला मिळणार. आता चार-पाच कॉलेजांचं छोटं विद्यापीठ घ्या. त्याचा संघही थेट पश्चिम विभागात उतरतो. शिडीच्या तीन पायऱ्या एकदम गाळल्या. तिथल्या मुलाला विद्यापीठाचा खेळाडू व्हायला आठशे कॉलेजांतून वर यावं लागत नाही. अर्थात पश्चिम विभागात त्या छोट्या संघाची गाठ पहिल्याच फेरीत एखाद्या तगड्या विद्यापीठाशी पडली की पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं परत. पण प्रमाणपत्र तर मिळालं.

म्हणून शहापूरच्या मुलाच्या कानावर ‘ठाण्याचं वेगळं विद्यापीठ होतंय’ असं येतं तेव्हा तो दोन गोष्टींचा हिशोब करतो. एक, माझी स्पर्धा कमी होईल. दोन, माझ्या प्रमाणपत्रावर मुंबई विद्यापीठ हे नाव राहणार नाही. पहिली फायद्याची, दुसरी नुकसानीची, आणि दोन्ही बरोबर. त्याला अफवा पसरवणारा म्हणणं अन्यायाचं आहे. तो आपलं भवितव्य मोजतोय, फक्त मोजायला हातात आकडे नाहीत.

नवीन शैक्षणिक धोरणानं या प्रश्नाला आणखी धार आणली आहे. 2020 च्या त्या धोरणात म्हटलंय की संलग्न कॉलेजांची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं संपवायची. प्रत्येक कॉलेजनं एक तर स्वतः पदवी देणारी स्वायत्त संस्था व्हायचं, नाही तर एखाद्या विद्यापीठाचा अंगभूत भाग व्हायचं. आता मला सांगा, हे झालं तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा कोणाच्या? शिवळ्याचं कॉलेज शहापूरच्या कॉलेजशी कुठल्या नात्यानं खेळणार? खेळाच्या बाजूनं हा प्रश्न विचारणारा माणूस मला अजून व्यासपीठावर भेटलेला नाही. प्राध्यापकांच्या नेमणुका आणि परीक्षा यांवर परिसंवाद भरतात. जिमखान्यावर भरत नाहीत.

साता समुद्रापलीकडे हाच प्रकार पैशाच्या जोरावर चालतो, तो थोडक्यात सांगतो. अमेरिकेत कॉलेजांचे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत खेळतात. गट बहुतेक भूगोलावर बेतलेले होते. बिग टेन हा मध्य-पश्चिमेकडच्या विद्यापीठांचा गट 1896 चा. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांचा गट 1915 चा, त्याला अलीकडे पॅक-12 म्हणत. तिथेही अफवांचं पीक मोठं. कोण कुठे जाणार यावर माणसं वर्षभर बोलतात. 2021 च्या जुलैत ह्यूस्टनच्या एका वर्तमानपत्रानं छापलं की टेक्सास आणि ओक्लाहोमा आपला गट सोडून दक्षिणेकडच्या बलाढ्य गटात जाणार. लोकांनी आधी विश्वास ठेवला नाही. काही दिवसांत ते खरं निघालं. पुढच्या वर्षी 30 जूनला लॉस एंजलिसची यूसीएलए आणि यूएससी ही दोन विद्यापीठं बिग टेनमध्ये जाणार अशी बातमी फुटली, आणि त्याच दिवशी तिच्यावर शिक्कामोर्तब झालं. कारण टीव्ही. बिग टेननं फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबर केलेला सात वर्षांचा करार 7 अब्ज डॉलरच्या वर गेला. पाहता पाहता शंभरी ओलांडलेल्या पॅक-12 मध्ये दोनच विद्यापीठं उरली. सगळ्यात गमतीची गोष्ट स्टॅनफर्डची. पॅसिफिक महासागराच्या कडेचं हे विद्यापीठ 2024 पासून अटलांटिक किनाऱ्याच्या गटात खेळतं. आणि हो, बिग टेनमध्ये सध्या अठरा संघ आहेत. नाव तेच.

फुटबॉलच्या संघाला याचं काही वाटत नाही. त्यांना खास विमान असतं आणि आठवड्याला एक सामना. हाल होतात ते व्हॉलीबॉल खेळणाऱ्या, पोहणाऱ्या मुलींचे. लॉस एंजलिसहून न्यू जर्सीला जायचं, घड्याळ तीन तास पुढे, सामना खेळून परत यायचं आणि सकाळी वर्गात बसायचं. ज्या खेळाला टीव्हीवर प्रेक्षक नाहीत, त्याची खेळाडू दुसऱ्या खेळाच्या कराराचं ओझं उचलते. एक गोष्ट मात्र तिथे घडली जी आपल्याकडे घडलेली मी पाहिलेली नाही. यूसीएलएनं उडी मारल्यामुळे त्यांच्याच व्यवस्थेतल्या बर्कली विद्यापीठाचं नुकसान झालं, तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळानं यूसीएलएला वर्षाला 1 कोटी डॉलर बर्कलीला द्यायला लावले. गट सोडणाऱ्यानं मागे राहिलेल्याला भरपाई द्यायची.

आपल्याकडे हद्द बदलते ती पैशामुळे क्वचितच. ती प्रशासनाच्या सोयीनं बदलते, आणि कधी कधी ती सोय शहाणपणाचीही असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग घ्या. महसूल खात्याच्या दृष्टीनं हे जिल्हे कोकण विभागात येतात. पण शालेय क्रीडा स्पर्धांत ते कोल्हापूर विभागात खेळतात, सातारा-सांगलीबरोबर. रत्नागिरीहून कोल्हापूर मुंबईच्या निम्म्याहूनही जवळ. घाट चढला की पोचले. ज्यानं कुणी ही आखणी केली त्यानं मुलांच्या पायांकडे बघून केली असं मला वाटतं. पण तोच मुलगा बारावी होऊन कॉलेजात गेला की त्याचं विद्यापीठ मुंबई. शाळेत असताना कोल्हापूरचा, कॉलेजात गेल्यावर मुंबईचा. गाव तेच, घर तेच.

उंबरमाळीचं याच्या उलट आहे. इथून घाट चढला की इगतपुरी. रेल्वे 1865 साली थळ घाट चढून तिथे पोचली, तेव्हापासून दोन्हीकडची माणसं ये-जा करतायत, सोयरिकी आहेत, बाजार आहे. पण इगतपुरीचं कॉलेज पुणे विद्यापीठात आणि आपलं मुंबईत. घाटावरच्या मुलींबरोबर खो-खोचा मैत्रीचा सामना हवा तेव्हा लावता येईल. गुणांचा सामना कधीच लागणार नाही. त्यांची निवड चाचणी त्यांच्या दिशेला, आपली कालिन्याला नाही तर मरीन लाइन्सच्या विद्यापीठ मैदानावर. सकाळी आठला हजर राहायचं म्हणजे इथल्या मुलीला पहाटेची कसारा लोकल पकडायची, अडीच तास बसून नाही तर उभं राहून जायचं, आणि उतरल्याबरोबर धावून दाखवायचं. तिच्याबरोबर चाचणी देणारी दादरची मुलगी झोपून उठून आलेली असते. हे सांगताना मी कुणावर आरोप करत नाही. शहापूर तालुक्यानं तानसा, वैतरणा, भातसा यांतून मुंबईला पाणी दिलं आणि आपल्या पाड्यांवर टँकर बघितला, त्यामुळे मुंबईशी आपलं नातं कुठल्या प्रकारचं आहे हे इथल्या माणसाला मी शिकवायला नको.

2014 साली 1 ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. ठाण्यातून आठ तालुके गेले, सात उरले, त्यात शहापूर आणि मुरबाड. मोखाडा आणि वाडा हे शहापूरचे शेजारी. परवापर्यंत एकाच जिल्ह्याच्या संघातून खेळणारी मुलं समोरासमोर आली. कबड्डीत पालघरचा वेगळा संघ उभा राहिला, आणि राज्य स्पर्धेच्या गटवारीत आता ठाणे शहर आणि ठाणे ग्रामीण अशीही दोन नावं दिसतात. हे विभाजन ग्रामीण मुलाला फायद्याचंच ठरलं असं माझं मत आहे. पूर्वी बारा जणांच्या जिल्हा संघात ठाणे-कल्याणच्या व्यावसायिक संघांतले खेळाडू भरून उरायचे. आता माळावर, मातीवर खेळलेल्या पोराला निदान दार उघडं आहे. तेव्हा हद्द बदलली की वाईटच होतं असं मी म्हणणार नाही.

पण याच अनुभवामुळे पुढची अफवा खरी वाटते. मध्यंतरी 26 जानेवारीला राज्यात 21 नवे जिल्हे होणार अशी यादी मोबाइलवर फिरली. तिच्यात ठाण्याचे आणखी तुकडे होते. त्या यादीवर सही नव्हती, जावक क्रमांक नव्हता, काही नव्हतं. जिल्हे झाले नाहीत. पण त्या दिवसांत कुठल्या जिल्ह्याकडून चाचणी द्यायची, यावर वाद घालणारी मुलं मी ऐकली आहेत.

तुम्ही म्हणाल, काय एवढं त्यात? खेळायचं ते खेळायचं, कुठल्याही नावानं. असं म्हणणाऱ्याला प्रमाणपत्राची किंमत माहीत नाही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. इथल्या घरात पोलीस भरतीत नाव लागणं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. त्या भरतीच्या वेळी प्रमाणपत्र पडताळणीला जातं आणि तिथे विचारलं जातं, ही संघटना मान्यताप्राप्त होती का? त्या वर्षी होती का? मुलानं मैदानावर काय केलं हा प्रश्न तिथे येतच नाही.

कुस्तीत काय झालं बघा. 2022 साली भारतीय कुस्ती महासंघानं महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली, पुढे राज्यात दोन संघटना उभ्या राहिल्या, आणि 2023 च्या नोव्हेंबर महिन्यात महाराष्ट्र केसरी दोनदा झाली. फुलगावला सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला हरवून गदा घेतली. त्याच महिन्यात धाराशिवच्या आखाड्यात शिवराज राक्षे जिंकला. एका महिन्यात एकच पैलवान एकीकडे हरलेला आणि दुसरीकडे केसरी. 2025 सालीही तसंच, अहिल्यानगरला एक, कर्जतला दुसरी. मोठ्या पैलवानांचं निभावतं, त्यांना लोक नावानं ओळखतात. पण तालुक्याच्या फडातला पोरगा कुठल्या चाचणीला जाणार? एका संघटनेकडे गेला तर दुसरी बंदी घालते अशी हवा असते. ही हवा खरी की खोटी हे त्याला कळेपर्यंत वजनगट बदललेला असतो.

आता थोडं क्रिकेटवर, नाही तर पुढे बसलेली मुलं मला सोडणार नाहीत. 2025 च्या एप्रिलमध्ये यशस्वी जयस्वालनं मुंबई क्रिकेट असोसिएशनला पत्र लिहून गोव्याकडून खेळण्यासाठी ना-हरकत मागितली. भदोहीहून आलेला, आझाद मैदानाच्या तंबूत राहिलेला पोरगा मुंबई सोडतो म्हटल्यावर धक्का बसणारच. लगेच दुसऱ्या दिवशी बातमी आली की सूर्यकुमार यादवही चालला, आणखी काही जणांना घेऊन चालला. सूर्यकुमारनं समाजमाध्यमावर उलट विचारलं की लिहिणारा पत्रकार आहे की पटकथाकार. असोसिएशननं खुलासा काढला. अफवा दोन दिवसांत विझली. पुढे गंमत अशी की जी खरी होती तीही उलटली. जयस्वालनं मे महिन्यात पत्र लिहून आपला अर्ज मागे घेऊ द्या म्हटलं, आणि जूनअखेर असोसिएशननं त्याला परवानगी दिली. त्याच उन्हाळ्यात विरारचा पृथ्वी शॉ मात्र खरोखर मुंबईतून महाराष्ट्राच्या संघात गेला आणि ऑक्टोबरमध्ये चंडीगडविरुद्ध द्विशतक ठोकून आला. त्याआधी 2022 मध्ये अर्जुन तेंडुलकर गोव्याकडे गेला आणि रणजी पदार्पणात शतक केलं, जसं वडिलांनी 1988 साली मुंबईकडून केलं होतं.

यातले जे हलले ते स्वतःच्या मर्जीनं हलले. ते मी चूक मानत नाही. जागा मिळत नसेल तर जिथे मिळते तिथे जावं, वासिम जाफर विदर्भात गेला आणि विदर्भानं रणजी जिंकली, कोणाचं वाईट झालं? माझा आक्षेप निवडीच्या हक्काला नाही. सूर्यकुमारबद्दल अफवा उठली तर खुलासा करायला एक सबंध असोसिएशन उभी राहते. शहापूरच्या कॉलेजबद्दल उठली तर खुलासा कोण करतं? प्राचार्य म्हणतात, आम्हाला परिपत्रक आलेलं नाही. क्रीडा शिक्षक म्हणतात, वरून कळेल. वर कोण, ते कोणी सांगत नाही.

वर सुद्धा किती गोंधळ असतो याचा एक दाखला देतो. क्रिकेट मंडळाच्या कारभारातल्या सुधारणांसाठी लोढा समितीनं केलेल्या ‘एक राज्य एक मत’ या शिफारशीला 2016 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं मान्यता दिली. महाराष्ट्रात क्रिकेटच्या तीन संघटना, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. मत एकच. तेव्हा 41 वेळा रणजी जिंकलेल्या मुंबईकडे मत दर वर्षी राहणार नाही, ते तिघांत आळीपाळीनं फिरणार असं चित्र झालं, आणि माझ्या ओळखीचे शहाणेसुरते लोक मला फोन करून विचारू लागले की मुंबईचा संघ बंद होणार का. मत जाणं आणि संघ जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे समजावताना माझी दमछाक झाली. 9 ऑगस्ट 2018 ला न्यायालयानंच तो भाग बदलला आणि तिन्ही संघटनांना पूर्ण सदस्यत्व परत मिळालं. दोन वर्षं मुंबईसारख्या मुंबईला आपण नेमके कुठे आहोत हे ठाऊक नव्हतं. मग उंबरमाळीनं काय करायचं?

ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला आहे ते सर मुलांना एकच गोष्ट विचारत. कुणी धापा टाकत बातमी घेऊन आला की ते म्हणत, कागद दाखव. कागद नसला की सराव सुरू. मला यात थोडी भर घालायची आहे. कागद आपल्या हातात नसला तर मागता येतो. 2005 चा माहितीचा अधिकार कायदा त्यासाठीच आहे. साधा अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि तीस दिवसांत उत्तर. अर्ज लिहिताना एक पथ्य पाळायचं. ‘का’ विचारायचं नाही. ‘होणार का’ हेही विचारायचं नाही, कारण कायद्यानं माहिती अधिकाऱ्याला भविष्य सांगता येत नाही. जो कागद असेल त्याची नक्कल मागायची.

मी एक अर्ज लिहून आणला आहे. विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला उद्देशून आहे. त्यातलं मागणं वाचून दाखवतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या महाविद्यालयांच्या संलग्नतेत बदल करण्याबाबत गेल्या तीन वर्षांत झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती. महाविद्यालय दुसऱ्या विद्यापीठात गेल्यास चालू वर्षी निवड झालेल्या खेळाडूंच्या पात्रतेबाबतचा नियम असल्यास त्याची प्रत. ठाणे झोनच्या खो-खो, कबड्डी आणि मैदानी स्पर्धा गेल्या पाच वर्षांत कुठल्या मैदानांवर झाल्या, त्याची यादी. निवड चाचणीला येणाऱ्या खेळाडूंना प्रवासखर्च देण्याबाबतचं परिपत्रक, आणि त्याखाली प्रत्यक्ष दिलेल्या रकमांचा तपशील.

अर्जदाराची जागा मी रिकामी ठेवली आहे. माझी सही करून चालेल, पण उत्तर आलं की ते माझ्या मुंबईच्या पत्त्यावर येईल आणि तुम्हाला पुन्हा मी सांगितलं म्हणून ऐकावं लागेल. अठरा पूर्ण झालेली, अजून खेळत असलेली एखादी मुलगी पुढे आली तर बरं. पत्ता उंबरमाळीचा घाला. स्टॅम्प उद्या शहापूरला तहसील कचेरीच्या बाहेर मिळेल.